डोंगराचा आवाज, ७४० वर

अमेरिकेत मोटारीतून लांबचा प्रवास करताना रेडिओची कळ फिरवत बसलं, की थोड्याच वेळात कंटाळा येतो. गाव मागे पडतं, राज्याची हद्द ओलांडली जाते, पण रेडिओ काही बदलत नाही. तीच ठरावीक गाणी, तसाच गुळगुळीत आवाजाचा निवेदक आणि विम्याच्या त्याच त्या जाहिराती. मात्र उत्तर कॅरोलिना आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या सीमेवर, ब्ल्यू रिज डोंगरांच्या पायथ्याशी, मीडियम वेव्हवर ७४० चा आकडा लावला की माणूस दचकतो. आधी थोडी खरखर, मग फिडलचा करकरीत सूर, त्यामागे बँजोचा टणत्कार. वाजवणारे कुणी नामवंत नाहीत. कुणी शेतकरी, कुणी ट्रकचालक, कुणी मोजे विणण्याच्या गिरणीतून निवृत्त झालेला. गाणं संपलं की बोलणाऱ्या निवेदकाच्या आवाजातही त्याच डोंगराचा हेल.

हे स्टेशन म्हणजे डब्ल्यूपीएक्यू. गाव माउंट एअरी. वस्ती साधारण दहा हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावापेक्षाही लहान. (अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या बहुतेक स्टेशनांचं नाव डब्ल्यूने आणि पश्चिमेकडच्या स्टेशनांचं केने सुरू होतं. त्यामुळे नुसत्या पहिल्या अक्षरावरूनही स्टेशन कुठल्या बाजूचं आहे ते कळतं.) १९४८ साली सुरू झालेल्या या स्टेशनने गावातल्या माणसांचं गाणं गावालाच ऐकवायचं ठरवलं आणि काळ कितीही बदलला तरी तो हट्ट सोडला नाही.

गाव तसं टुमदार. मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंना जुनी विटांची दुकानं. गावाला लागूनच पांढऱ्या ग्रॅनाइटची प्रचंड खाण आहे. जगातली सर्वांत मोठी उघडी ग्रॅनाइट खाण म्हणून ती ओळखली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथून दगड निघतोय आणि गावातल्या कित्येक इमारती त्याच दगडाच्या आहेत. दूरचित्रवाणीवरचा प्रसिद्ध नट अँडी ग्रिफिथ इथलाच. १९६० ते १९६८ या काळात गाजलेल्या त्याच्या मालिकेतलं ‘मेबेरी’ हे काल्पनिक गाव माउंट एअरीवरूनच घेतलंय, असं इथली मंडळी अभिमानाने सांगतात आणि पर्यटकांना त्या मालिकेतल्यासारख्या पोलिसांच्या जुन्या गाडीतून फिरवूनही आणतात. ‘सयामी जुळे’ हा शब्द आपण सहज वापरतो. तो ज्यांच्यावरून आला ते चँग आणि एंग बंकर हे मूळचे सयामचे बंधू याच परिसरात शेती करून राहिले. त्यांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्नं केली, दोघांना मिळून एकवीस मुलं झाली आणि १८७४ साली काही तासांच्या अंतराने दोघांनी प्राण सोडले. त्यांचं थडगं गावाजवळच्या चर्चच्या आवारात आहे.

पर्यटक बहुधा या दोन-तीन गोष्टी पाहून पुढे जातात. गावाचा खरा ठेवा मात्र डोळ्यांनी दिसणारा नाही, कानांनी ऐकायचा आहे.

षड्ज-पंचमातलं फिडल

हे संगीत कसलं, ते आधी सांगायला हवं. कारण ‘कंट्री म्युझिक’ म्हटलं की आपल्यासमोर येतो तो मोठी टोपी घातलेला, गिटार घेतलेला, नॅशव्हिलच्या स्टुडिओतला गायक. ते पुढचं रूप. माउंट एअरीने तशी एक तारकाही दिली आहे. १९७२ साली देशभर गाजलेली गायिका डॉना फार्गो याच गावात जन्मली. पण इथल्या शेतघरांत जे वाजत होतं ते त्याहून फार जुनं. स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंडमधून आलेल्या लोकांनी फिडल आणलं. फिडल म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपलं व्हायोलिनच. बँजोचं मूळ मात्र आफ्रिकेत. गुलाम म्हणून आणलेल्या काळ्या माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून जी वाद्यं केली, त्यांतून बँजो घडला. ज्या संगीताला पुष्कळजण गोऱ्या डोंगराळ माणसांचं म्हणून ओळखतात, त्याचा अर्धा जीव असा आफ्रिकेचा आहे.

माउंट एअरीच्या पश्चिमेला राउंड पीक नावाची टेकडी आहे. तिच्या आसपासच्या वाड्यांवर वाजवण्याची एक खास तऱ्हा तयार झाली. मक्याची कणसं सोलायला शेजारीपाजारी जमायचे. काम आटोपलं की खोलीतलं सामान बाहेर काढायचं आणि मोकळ्या जमिनीवर नाच सुरू. मध्ये दोनच वाद्यं, फिडल आणि बँजो. बँजोवाला नखाने तारेवर वरून खाली टोला देतो आणि लगेच अंगठ्याने आखूड पाचवी तार छेडतो, त्यामुळे सूर आणि ठेका एकाच हातातून निघतात. फिडलवाला पुष्कळदा चारही तारा दोनच स्वरांत मिळवून घेतो. आपल्या भाषेत सांगायचं तर षड्ज आणि पंचमात! मग एका तारेवर धून वाजत असताना शेजारची तार तंबोऱ्यासारखी गुंजत राहते. तीच धून पंधरा-वीस वेळा, नाचणारे दमेपर्यंत. एकट्याने पुढे येऊन करामत दाखवण्याला इथे फारसा वाव नाही. सगळ्यांनी मिळून एकच धून ओढायची.

आपल्या कानाला पहिल्यांदा हे सगळं एकसुरी वाटण्याची शक्यता आहे. दहा मिनिटं धीर धरावा.

सूर्यास्ताला टाळं

राल्फ एपर्सन यांचा जन्म १९२१ सालचा, सीमेपलीकडच्या अराराट या व्हर्जिनियातल्या वाडीतला. तिथून माउंट एअरी अगदी जवळ. रेडिओचं वेड त्यांना लहानपणापासूनचं. दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिकेत गावोगाव रेडिओ स्टेशनं काढण्याची लाट आली. १९४५ ते १९५० या पाच वर्षांत त्यांची संख्या दुपटीच्या वर गेली. तिकडे सरकारी आकाशवाणी नाही. ज्याला परवाना मिळेल आणि जाहिराती मिळवता येतील त्याने स्टेशन चालवायचं. त्याच लाटेत, वयाच्या सत्ताविशीत, एपर्सन यांनी २ फेब्रुवारी १९४८ रोजी डब्ल्यूपीएक्यू सुरू केलं. (गांधीजींची हत्या होऊन तेव्हा तीन दिवस झाले होते.) ‘ब्ल्यू रिजचा आवाज’ हे त्यांनी स्टेशनचं बिरुद ठेवलं.

परवाना होता तो सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा. म्हणजे हिवाळ्यात संध्याकाळी पाच-साडेपाचलाच स्टेशन बंद! यामागे विज्ञान आहे. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा जमिनीलगत ठरावीक अंतर जातात आणि विरतात. रात्री मात्र वातावरणाच्या वरच्या थरावर आदळून परततात आणि शेकडो मैलांवर जाऊन पडतात. आपल्याकडेही रात्री रेडिओ लावल्यावर कुठल्या कुठल्या दूरच्या स्टेशनांची खिचडी ऐकू यायची, ती याच कारणाने. ७४० हीच जागा कॅनडातल्या टोरांटोच्या एका बलाढ्य स्टेशनकडेही होती. त्यामुळे अंधार पडला की लहानांनी गप्प बसायचं, असा नियम.

रात्र नाही म्हणून एपर्सन यांनी दिवस भरून काढला. धान्याचे आणि तंबाखूचे भाव, हवामान, चर्चमधली प्रवचनं आणि भरपूर गाणं. तेही तबकड्यांवरचं कमी, प्रत्यक्ष स्टुडिओत वाजवलेलं जास्त. शनिवारी ‘मेरी-गो-राउंड’ म्हणजे ‘जत्रेतला फिरता पाळणा’ या नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गाता-वाजवता येणाऱ्याने यावं आणि माइकसमोर उभं राहावं. आपल्याकडे आकाशवाणीवर गायचं म्हणजे आधी ध्वनिचाचणी, मग श्रेणी, मग कराराचा कागद. तिथे असलं काही नव्हतं. लोक शेतावरचं काम आटोपून वाद्यं घेऊन यायचे. त्या काळी अमेरिकेतल्या छोट्या स्टेशनांवर वाजवणाऱ्यांना बिदागी मिळायचीच असं नाही. पण आज रात्री अमक्या शाळेत आमचा कार्यक्रम आहे, असं रेडिओवरून सांगता यायचं आणि त्यावर तिकिटं खपायची.

मोठी माणसंही इथल्या माइकसमोर उभी राहिली. ‘ब्ल्यूग्रास’ या झपाट्याच्या, चुरशीच्या संगीतप्रकाराचे जनक मानले जाणारे बिल मन्रो इथे येऊन गेले. त्यांच्या वाद्यवृंदातून १९४८ साली बाहेर पडून स्वतःचा संच काढणारी लेस्टर फ्लॅट आणि अर्ल स्क्रग्ज ही जोडीही आली. पण या स्टेशनची खरी श्रीमंती अशा पाहुण्यांत नव्हतीच. बेंटन फ्लिपेन यांच्यासारखे स्थानिक फिडलवाले पिढ्यान्‌पिढ्या ओळखीच्या असलेल्या श्रोत्यांसमोर आयुष्यभर वाजवत राहिले. ऐकणारा आज श्रोता, पुढच्या शनिवारी कलाकार.

एपर्सन यांनी आणखी एक शहाणपण केलं. ते हे कार्यक्रम तबकड्यांवर कोरून ठेवत गेले. त्या काळी टेपरेकॉर्डर सर्रास नव्हते. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेसारखा लेप दिलेल्या तबकड्या असायच्या, त्यांवर सुईने आवाज कोरला जायचा. बहुतेक स्टेशनांनी अशा तबकड्या अडगळ म्हणून फेकून दिल्या. इथे त्या राहिल्या. त्यांतून निवडलेल्या गाण्यांची एक सीडी ‘राउंडर’ या लोकसंगीत जपणाऱ्या कंपनीने १९९९ साली काढली.

लाट आली आणि गेली

१९५० नंतर दूरचित्रवाणी घरोघर आली. मागोमाग रॉक अँड रोल आलं. अमेरिकेतल्या रेडिओ स्टेशनांनी हिशेब केला. स्टुडिओत दहा वादक बोलवण्यापेक्षा एक माणूस आणि तबकड्यांचा ढीग स्वस्त. प्रत्यक्ष वाजवल्या जाणाऱ्या गाण्यांचे कार्यक्रम शेकडो गावांतून बंद पडले. उरलेल्यांनी खपाच्या यादीतली पहिली चाळीस गाणी आलटूनपालटून लावायला सुरुवात केली. तरुणांना आपल्या आजोबांच्या बँजोची लाज वाटू लागली, हेही तितकंच खरं. ‘हिलबिली’, म्हणजे डोंगराळ गावंढळ, हा शब्द शिवीसारखा वापरला जात होता.

डब्ल्यूपीएक्यूने जुनंच चालू ठेवलं. धंद्याच्या दृष्टीने हा शहाणपणा नव्हता. मोठे जाहिरातदार तरुण श्रोत्यांच्या मागे असतात आणि फिडल ऐकणाऱ्याचं सरासरी वय विचारायची सोय नाही! गावातल्या दुकानदारांच्या छोट्या जाहिरातींवर असलं स्टेशन तगवणं म्हणजे काटकसरीचा संसार. पण एपर्सन मालकही होते आणि अराराटचे शेजारीही. कार्यक्रम ठरवणारा माणूस शेकडो मैलांवरच्या कचेरीत बसलेला नव्हता.

पुढे १९९६ साली अमेरिकेने दूरसंचार कायदा बदलला. एका कंपनीने देशभरात किती स्टेशनं बाळगावीत यावरची मर्यादा उठली. पाहता पाहता ‘क्लिअर चॅनल’ या एका कंपनीकडे बाराशेच्या घरात स्टेशनं गेली. गावातल्या स्टेशनाची इमारत तिथेच, पण आत माणूस नाही, आवाज उपग्रहावरून येणारा, अशी अवस्था अनेक ठिकाणी झाली. माउंट एअरीचं स्टेशन घरचंच राहिलं. राल्फ एपर्सन २००६ साली गेले आणि सूत्रं त्यांचा मुलगा केली याने हाती घेतली.

मोटरग्रेडर चालवणारा उस्ताद

राउंड पीकच्या संगीताचं नाव जगभर झालं ते टॉमी जॅरेल या माणसामुळे. त्यांचा जन्म १९०१ चा. वडील बेन जॅरेल फिडल वाजवत. १९२७ साली ज्या संचाबरोबर वडिलांनी तबकड्या काढल्या त्याच्या नावात ‘ब्रॉडकास्टर्स’ हा शब्द होता. रेडिओ नवा होता आणि त्याच्या नावात केवढी प्रतिष्ठा होती पाहा! टॉमींनी पोटासाठी राज्याच्या रस्ते खात्यात मोटरग्रेडर चालवला. मोटरग्रेडर म्हणजे रस्त्याची माती सपाट करणारं यंत्र. पोरवयात त्यांनी ज्यांच्याकडून धुना उचलल्या, त्यांत १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात लढलेले म्हातारेही होते. नोकरी आणि संसार यांत फिडल बरंचसं मागे पडलं. १९६६ साली ते निवृत्त झाले, वर्षभरात पत्नी गेली आणि मग त्यांनी पुन्हा फिडल हातात घेतलं.

तेव्हा देशात लोकसंगीताची नवी हौस उसळली होती. शहरांतली कॉलेजातली मुलं त्यांच्या टोस्ट नावाच्या वस्तीतल्या घरी येऊन धडकू लागली. म्हातारा त्यांना ठेवून घ्यायचा, खाऊ-पिऊ घालायचा आणि रात्री उशिरापर्यंत वाजवायचा. शिकवणी नाही, फी नाही. समोर बसा आणि उचला, आपल्याकडच्या जुन्या गुरूंसारखं. १९८२ साली अमेरिकी सरकारने लोककलावंतांसाठी राष्ट्रीय सन्मान सुरू केला, त्या पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत टॉमी जॅरेल होते. १९८५ मध्ये ते वारले. त्यांचं फिडल आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

जॅरेल यांना जगासमोर आणलं ते तबकड्यांनी आणि त्या भटक्या पोरांनी, हे श्रेय रेडिओला देता येणार नाही. पण एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. संग्रहालयात वाद्य जपता येतं, ते ऐकणारे कान जपता येत नाहीत. बाहेरची मुलं शिकायला आली तेव्हा या गावात जुन्या धुना ओळखणारी, चुकीचा सूर लागला तर भुवया उंचावणारी माणसं उरली होती. शेजारच्या कित्येक खोऱ्यांत ती उरली नाहीत. वीस-पंचवीस वर्षं सकाळ-दुपार घरात ७४० वर जे वाजत होतं, त्याचा यात काहीच वाटा नव्हता असं म्हणणं अवघड आहे.

शनिवारी अकरा वाजता

शार्लट किंवा रॅले-कॅरी भागात आता मराठी कुटुंबं भरपूर आहेत. मुला-नातवंडांकडे तीन-चार महिने राहायला जाणाऱ्या आजी-आजोबांची संख्याही वाढती. नायगारा, न्यूयॉर्क झालं की पुढचे शनिवार-रविवार मॉलमध्ये जातात. त्यांनी एक शनिवार इथे द्यायला हरकत नाही. शार्लटहून उत्तरेला दीड-पावणेदोन तास, कॅरीहून अडीच तास. विन्स्टन-सेलमकडून आलात तर वाटेत पायलट माउंटन दिसतो. मैदानातून एकदम उठलेला, डोक्यावर दगडाची गोल टोपी असलेला सुळका. आपल्या एखाद्या किल्ल्याचीच आठवण होते.

‘मेरी-गो-राउंड’ आता होतो तो मुख्य रस्त्यावरच्या अर्ल थिएटरमध्ये. हे १९३८ सालचं जुनं सिनेमागृह आहे. सकाळी लवकर गेलात तर कार्यक्रमाआधी कोंडाळं करून बसलेले हौशी वादक सापडतात. ज्याला वाटेल त्याने खुर्ची ओढून सामील व्हावं. अकराच्या सुमारास रंगमंचावरचा कार्यक्रम थेट रेडिओवरून सुरू होतो. एक संच उतरतो, दुसरा चढतो. रंगमंचापुढे नाचायला मोकळी जागा ठेवलेली आहे. सत्तरी ओलांडलेल्या बायका आणि पुरुष तिथे एकेकटे उतरतात आणि कंबरेवरचं अंग स्थिर ठेवून नुसत्या पावलांनी जमिनीवर ठेका धरतात. या नाचाला ‘फ्लॅटफूट’ म्हणतात. रेडिओवर ऐकताना मागून जी टपटप येते ती हीच. कुणाला तालमीची गरज दिसत नाही आणि कुणी कुणाकडे बघून हसतही नाही.

प्रेक्षागृहात पांढरी डोकी जास्त, हे पटकन लक्षात येतं आणि थोडी काळजी वाटते. गावातल्या कापडाच्या आणि मोज्यांच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्यावर तरुण मंडळी कामासाठी शार्लटकडे गेली. मीडियम वेव्ह लावणारे श्रोते तर जगभरच घटले. नव्या काही मोटारींतून तो पट्टाच काढून टाकलाय. डब्ल्यूपीएक्यू आता एफएमवर आणि इंटरनेटवरही ऐकू येतं, म्हणजे पुण्या-नागपुरात बसूनही लावता येईल. फक्त वेळेचा हिशेब करावा लागेल. तिकडची शनिवार सकाळ ती आपली शनिवार रात्र. आणि याच थिएटरमध्ये मुलांना फिडल, बँजो, गिटार शिकवण्याचे विनामूल्य वर्ग चालतात. शनिवारच्या कार्यक्रमात मध्येच एखादं दहा-बारा वर्षांचं पोर आजोबांच्या वयाच्या वादकांत उभं राहून बेधडक वाजवताना दिसतं, ते या वर्गांमुळे.

कार्यक्रम संपल्यावर याच रस्त्यावर, थोडं पुढे, १९२३ पासून चालू असलेलं एक साधं खाणावळीवजा हॉटेल आहे, ‘स्नॅपी लंच’. डुकराच्या मांसाच्या सँडविचसाठी ते प्रसिद्ध आहे. शाकाहारी मंडळींनी घरून डबा नेलेला बरा.

जूनमध्ये अमेरिकेत असाल तर महिन्याचा पहिला शनिवार-रविवार निवडा. १९७२ पासून त्या सुमारास माउंट एअरीत फिडलवाल्यांचं संमेलन भरतं. देशोदेशींचे वादक मैदानात तंबू ठोकून राहतात. व्यासपीठावर स्पर्धा चालतात, बक्षिसंही असतात. पण जाणकार मंडळी व्यासपीठाकडे फारशी फिरकत नाहीत. ती तंबूंच्या मधल्या गल्ल्यांतून फिरतात. चार पावलांवर एक कोंडाळं, त्यात एखादा जपानी विद्यार्थी, एखादी कॅलिफोर्नियाची बाई आणि मध्ये राउंड पीकचा कुणी म्हातारा. रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि तीच धून अठराव्यांदा चाललेली असते.